बाबांचा स्वभाव बदलला की गोळी?

पत्र पुण्यातल्या एका वाचक भगिनीचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडील सदुसष्ट वर्षांचे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, सहा वर्षांपासून पार्किन्सन्स. आयुष्यभर रिक्षा टाळून बसनं फिरलेला, महिन्याचा हिशेब वहीत लिहिणारा माणूस. गेल्या दीड-दोन वर्षांत ते दर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊन चावीची बंद घड्याळं आणू लागले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गॅलरीत बसून ती उघडतात, स्क्रू बरणीच्या झाकणांत लावून ठेवतात, एकही घड्याळ परत जोडत नाहीत. मग चपलांच्या कपाटात वर्तमानपत्राखाली लॉटरीच्या तिकिटांचे गठ्ठे सापडले. त्यानंतर चार लाखांची मुदत ठेव मोडल्याचं कळलं. आणि आईनं फार चाचरत सांगितलं की रात्री ‘ते’ ऐकत नाहीत, या वयात हे काय सुरू झालं कळत नाही. बाबा रडले, देवापुढे शपथ घेतली आणि आठवड्याभरात पुन्हा तिकिटं आली. भाऊ म्हणतो, हेच त्यांचं खरं रूप, इतकी वर्षं लोकलाजेनं दडलेलं. त्याला कार्ड आणि चेकबुक काढून घेऊन फ्लॅट बक्षीसपत्रानं भावंडांच्या नावावर करून घ्यायचा आहे. बाबांनी लेकीकडून वचन घेतलंय की डॉक्टरांना यातलं अक्षरही सांगायचं नाही. तिचा प्रश्न: ‘मी भावाच्या बाजूनं उभी राहू, की बाबांना आणखी एक संधी देऊ? इतक्या शिस्तीच्या माणसाची इच्छाशक्ती अशी कशी संपते?’

*

तुमच्या लांबलचक पत्रात एक वाक्य तुम्ही कंसात लिहिलं आहे: ‘(दोन वर्षांपूर्वी नवी गोळी सुरू झाली, तिचा छान गुण आला, हाताची थरथर बरीच कमी आहे.)’ बाकी सगळं पत्र बाबांच्या वागण्याबद्दल आहे आणि हे वाक्य जाता जाता आलं आहे. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. गोळी दोन वर्षांपूर्वीची आणि घड्याळं दीड-दोन वर्षांपूर्वीपासूनची. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहायचं घरात कुणालाच सुचलं नाही, यात तुमचा दोष नाही. ज्या गोळीनं माणूस पुन्हा स्वतःच्या हातानं चहाचा कप उचलू लागतो, तिच्यावर संशय कोण घेईल?

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. तरी आधी फाइल काढा आणि पाहा. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल असं नाव दिसतंय का? किंवा अंगाला चिकटवायची रोटिगोटीनची पट्टी आहे का? वेष्टनावर कंपनीनं दिलेलं नाव मोठ्या अक्षरांत असतं, खाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचा. ही औषधं ‘डोपामिन अ‍ॅगोनिस्ट’ या गटातली. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या ज्या पेशी डोपामिन तयार करतात त्या मरत जातात आणि हालचाल अडखळते. ही औषधं डोपामिनची नक्कल करतात आणि हालचाल सुटी होते. अडचण अशी की डोपामिनचं काम फक्त हातपाय हलवणं नाही. ‘हे हवंय’, ‘आणखी एकदा’, ‘आता मजा येणार’ ही ओढ लावणारी मेंदूतली यंत्रणाही त्याच रसायनावर चालते, आणि आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत ती बऱ्यापैकी शाबूत असते. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी टोकाच्या कोरड्या शेतासाठी सोडावं आणि वाटेतल्या आधीच ओल असलेल्या शेतात ते तुंबावं, तसं काहीसं होतं. हालचालीला जेवढं हवं तेवढं मिळतं, ओढीला नको इतकं मिळतं. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधं पेशींवरच्या ज्या ‘ग्राहकांना’ (डोपामिन जिथे चिकटतं त्या जागांना) विशेष घट्ट चिकटतात, ते नेमके या ओढीच्या भागात जास्त असतात.

हे फार दुर्मीळ नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० पार्किन्सन्स रुग्णांचा मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जुगार, अनावर खरेदी, अनावर लैंगिक वागणं, अनावर खाणं, या चारांपैकी निदान एक गोष्ट १३.६ टक्के जणांत सापडली. अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. याचा अर्थ असाही की ही गोळी घेणाऱ्या बहुतेकांना असं काहीही होत नाही, त्यामुळे हे वाचून कुणी घाबरून गोळ्या कचऱ्यात टाकू नयेत. पण ज्यांना होतं त्यांच्या घरात काय होतं, ते तुम्ही लिहिलंच आहे. २०१२ साली फ्रान्समधल्या एका अपील न्यायालयानं अशाच एका रुग्णाला औषध कंपनीकडून भरपाई मिळवून दिली. तो बँकेत व्यवस्थापक होता, दोन मुलांचा बाप. गोळी सुरू झाल्यावर तो जुगारात बुडाला होता.

घड्याळांचंही तेच. वस्तू उघडायच्या, लावायच्या, मोजायच्या, तासन्‌तास, हाती काही लागत नसताना, आणि मध्ये कुणी थांबवलं की चिडायचं. या वागण्याला वैद्यकात ‘पंडिंग’ म्हणतात. आधी ते अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक द्रव्याचं व्यसन असलेल्यांत नोंदलं गेलं, पुढे पार्किन्सन्सच्या औषधांवरच्या रुग्णांत दिसलं. बऱ्याचदा माणूस आपल्या जुन्या आवडीकडेच वळतो. तुम्ही लिहिलंय की लहानपणी घरातलं घड्याळ बाबाच दुरुस्त करायचे. म्हणून सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, निवृत्तीनंतर छंद लागला, बरं झालं.

आता तुमच्या भावाच्या म्हणण्याकडे येते. ‘खरं रूप बाहेर आलं’ हे वाक्य ऐकायला फार पटतं, कारण त्याचा पडताळा कधी घ्यावा लागत नाही. चाळीस वर्षं पैसा जपून वापरणारा माणूस खोटा आणि दीड वर्षाचा खरा, हे कशावरून? उलट्या बाजूनं तुमच्या इच्छाशक्तीच्या प्रश्नातही तेच गृहीत आहे, की मनात आणलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं. त्यांनी मनात आणलं होतं. देवापुढे शपथ घेताना ते नाटक करत नव्हते. कळतं पण वळत नाही, ही अवस्था आपण आळशी पोरांच्या बाबतीत इतक्या सहज बोलून जातो की ती शब्दशः खरी असू शकते हे लक्षातच येत नाही. आधी आत ताण चढत जातो, दुसरं काही सुचत नाही. तिकीट घेतलं की सुटल्यासारखं वाटतं. मग लाज, मग लपवालपवी. शपथ घेतली जाते ती लाजेच्या वेळी आणि मोडली जाते ती ताणाच्या वेळी. आणखी एक संधी देणं म्हणजे आणखी एक शपथ घेणं असेल, तर ती संधी बाबांनाही नकोच असेल.

तरी एक सांगते. हे गोळीमुळेच आहे असं मी इथं बसून म्हणू शकत नाही, तुम्हीही ठरवू नका. साठीनंतर स्वभाव पालटण्याची इतर कारणं असतात. मेंदूच्या पुढच्या भागाला बाधणारा एक स्मृतिभ्रंश आधी विवेक आणि लाज काढून घेतो, विसरणं नंतर येतं. उन्मादाच्या आजारात झोप उडते, बोलणं वाढतं, पैसे उधळले जातात. डॉक्टरांना हे सगळं तपासावं लागेल. आणि ते तपासतील कसं, जर त्यांना काही सांगायचंच नाही असं ठरलं असेल तर?

म्हणून वचनाबद्दल. ते मोडा. पण पाठीमागून नको. बाबांची गोळी लागू पडलेली असते, हालचाल मोकळी असते, अशा वेळी, शक्यतो सकाळी, आई समोर नसताना त्यांच्याशी बोला. काहीसं असं: ‘बाबा, मी वाचलंय की या गोळीनं काही लोकांना खरेदीची, तिकिटांची अशी ओढ लागते. तुमच्या बाबतीत तेच आहे का ते मला डॉक्टरांना विचारायचंय. मी सांगणार आहे. तुम्ही बरोबर असाल तर बरं.’ यात ‘का केलंत’ नाही आणि ‘परत करणार का’ही नाही. माझा अंदाज आहे की ते चिडतील, आणि थोड्या वेळानं सुटल्यासारखे दिसतील. नाही आले बरोबर, तर तुम्ही एका कागदावर लिहून डॉक्टरांना आधी द्या. घरच्यांनी दिलेली माहिती डॉक्टर ऐकून घेऊ शकतात. रुग्णाची गुप्तता पाळायची जबाबदारी त्यांच्यावर असते, तुमच्या तोंडाला कुलूप लावायची नाही.

तो कागद नीट करा. मी तुमच्या जागी असते तर जेवणाच्या टेबलावर एका बाजूला डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावल्या असत्या आणि दुसऱ्या बाजूला बँकेचं पासबुक. कोणत्या महिन्यात गोळी सुरू झाली, कधी अर्ध्याची एक झाली, कधी दिवसातून तीनदा झाली. आणि कोणत्या महिन्यात रोख काढणं वाढलं, ठेव कधी मोडली. एका पानावर दोन रकाने. गर्दीच्या ओपीडीत दहा मिनिटं मिळाली तरी डॉक्टरांना त्या पानावरून जे कळेल ते तुमच्या अर्ध्या तासाच्या रडण्यातून कळणार नाही. (हे कठोर वाटलं तर माफ करा, पण पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या ओपीडीबाहेर बसलेल्या कुणालाही विचारा.) आणखी एक पाहा: पाकिटातल्या गोळ्या हिशेबापेक्षा लवकर संपतात का? काही रुग्ण लेव्होडोपाच्या (मेंदूत ज्याचं डोपामिन होतं, त्या पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधाच्या) गोळ्या स्वतःहून जास्त घेऊ लागतात. केमिस्टकडची बिलं काढलीत तर कळेल.

मोठ्या ठशात लिहावं असं एक वाक्य: गोळी तुम्ही बंद करायची नाही, कमीही करायची नाही. अ‍ॅगोनिस्ट एकदम थांबवला तर काहींना तीव्र घाबरटपणा, घाम, नैराश्य, अंगदुखी आणि त्याच औषधाची तलफ असा त्रास होतो. लेव्होडोपा अचानक तोडणं तर जिवावर बेतू शकतं: अंग ताठ होतं, ताप चढतो, रुग्णालय गाठावं लागतं. न्यूरोलॉजिस्ट डोस पायरीपायरीनं उतरवतात, हालचाल बिघडू नये म्हणून लेव्होडोपाचं प्रमाण जुळवतात, कधी दुसरं औषध निवडतात. ओढ ओसरायला काही आठवडे लागतात, कधी महिने. थरथर थोडी परत येईल. हा सौदा बाबांनाच अवघड जाणार आहे, कारण त्यांना हात परत मिळाला होता. हे त्यांच्याशी बोलताना विसरू नका. डोस उतरवूनही ओढ उरली तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते. विचार आणि वर्तनावर काम करणारी जी उपचारपद्धती आहे, तिचा पार्किन्सन्समधल्या अशा रुग्णांना उपयोग झाल्याचं संशोधन आहे.

आईचं. पत्रात हा भाग तुम्ही दोन ओळींत उरकलाय आणि का ते समजतं. तरी डॉक्टरांच्या कागदावर ती ओळ हवीच, तीच सगळ्यात जास्त गाळली जाते. लिहायला जमत नसेल तर ‘लैंगिक मागणी वाढली आहे, आईला त्रास होतो’ एवढे शब्द पुरतात, डॉक्टरांना नवे नाहीत. आणि आईला स्पष्ट सांगा की कारण काहीही असलं, गोळीचं असलं तरी, नाही म्हणायचा हक्क तिचा आहे. तोवर ती दुसऱ्या खोलीत झोपू दे, आतून कडी लावून. ‘लोक काय म्हणतील’ याची काळजी नको, फ्लॅटमधल्या खोल्यांची मोजणी करायला कुणी येत नाही.

पैशांबाबत भाऊ अर्धा बरोबर आहे. कारण गोळीचं निघालं तरी गेलेले चार लाख परत येत नाहीत, आणि डोस उतरेपर्यंत आणखी जाऊ शकतात. पण कार्ड हिसकावून घेणं आणि बाबांच्या संमतीनं आवर घालणं यात फरक आहे. ज्या दिवशी त्यांना लाज वाटत असेल, त्या दिवशी त्यांनाच बँकेत घेऊन जा. उरलेल्या ठेवी आईबरोबर संयुक्त करा आणि मोडायला दोघांच्या सह्या लागतील असं लिहून द्या. नुसतं ‘दोघांपैकी कुणीही’ असं नाव जोडून उपयोग नाही. एटीएम आणि यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा, व्यवहाराचे मेसेज आईच्या किंवा तुमच्या फोनवर येऊ द्या. खर्चाला ठराविक रोकड त्यांच्या खिशात राहू दे, सदुसष्ट वर्षांच्या माणसाला चहासाठी मुलाकडे हात पसरायला लावू नका. फोनही एकदा त्यांच्यासमोर पाहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं बंदी आली असली तरी झटपट कर्ज देणारी अ‍ॅप आहेत, खरेदीची तर आहेतच.

बक्षीसपत्र मात्र आत्ता नको. ज्या माणसाच्या निर्णयक्षमतेबद्दल तुम्हालाच शंका आहे, त्याच माणसाकडून सर्वात मोठ्या निर्णयावर सही घ्यायची, हे तुमच्या भावाला विचित्र वाटत नाही का? उद्या ते कागद वादात अडकले तर दोष गोळीचा नसेल. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर रद्दबातल ठरवण्याची सोय आहे, आणि तो कायदा मुलांच्या बाजूनं लिहिलेला नाही. वकिलाला विचारा, पण उपचार मार्गी लागल्यावर.

आता ज्यांच्या घरात पार्किन्सन्स नाही, तरीही हे वाचताना छातीत काही हललं, त्यांच्यासाठी. हीच औषधं पायांच्या रात्रीच्या अस्वस्थतेवरही दिली जातात. याच गटातली दुसरी काही प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हॉर्मोन) वाढलं तर देतात, तिथेही घरच्यांनी डोळे उघडे ठेवावेत. अ‍ॅरिपिप्राझोल या मानसिक आजारावरच्या औषधाबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१६ मध्ये अशाच अनावर ओढींचा इशारा दिला होता. आणि औषधाचा संबंध नसतानाही अशा ओढी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात अनावर चोरी, आग लावण्याची ओढ, संतापाचे स्फोट आणि अनावर लैंगिक वागणं ही एका गटात आहेत. जुगार आणि गेमिंग व्यसनांच्या गटात गेले आहेत. तुळशीबागेतून गरज नसलेली क्लिप पर्समध्ये टाकून घरी येऊन रडणारी बाई आणि पैशांसाठी ठरवून चोरी करणारी टोळी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला उपचार लागतो. त्यात ओढ कधी चढते याची नोंद ठेवणं, दुकानात एकटीनं न जाणं, ताण उतरवायचे दुसरे मार्ग शिकणं, असं सावकाश काम असतं. दारू सोडवताना वापरतात त्या नाल्ट्रेक्सोननं चोरीची ओढ कमी झाल्याचं २००९ च्या एका छोट्या चाचणीत दिसलं होतं. संतापाच्या स्फोटांवर फ्लुऑक्सेटीनचा आणि वर्तनोपचाराचा उपयोग होतो. सगळ्यांना एकच औषध लागू पडेल असं नाही, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून गोळ्या आणू नका.

पुण्यात जायचं कुठे? तुमचे न्यूरोलॉजिस्ट पहिले. परवडत नसेल त्यांच्यासाठी ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. जुगाराच्या बाबतीत येरवड्याच्या मुक्तांगणला १९८६ पासूनचा व्यसनांचा अनुभव आहे, तिथे विचारता येईल. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि पार्किन्सन्स मित्रमंडळ हा पुण्यातला रुग्ण आणि घरच्यांचा गट आहे. तिथे आईला एकदा नक्की घेऊन जा. ही गोष्ट फक्त आपल्याच घरात घडली असं तिला वाटतंय, ते डॉक्टरांच्या सांगण्यानं जाणार नाही. दुसऱ्या एखाद्या बाईनं ‘आमच्याकडे पण’ म्हटलं की जाईल.

घड्याळांचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. आत्ता काहीच नको. फेकू नका, जुन्या बाजारात परतही विकू नका. रात्री अकरानंतर गॅलरीचा दिवा बंद, एवढं ठरवून पाहा.

आणि भावाला वाद घालून पटणार नाही. त्याला अपॉइंटमेंटला बरोबर न्या, दोन रकान्यांचा तो कागद त्याच्याच हातून डॉक्टरांना द्यायला लावा. फीसुद्धा त्यालाच भरू दे.